चुन्याचा उजेड

नाट्यगृहात सगळे त्यांना उजेडराव म्हणत. खरं नाव त्यांच्या बायकोला आणि पगाराच्या कारकुनाला ठाऊक असेल. प्रेक्षकांच्या डोक्यावर, छताला लागून एक खुराडं होतं. तिथे मोठा झोताचा दिवा घेऊन ते बसत आणि नायिका चालली की उजेडाचा गोल चालवत, थांबली की थांबवत. हे काम नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर आंधळ्यालाही दिसतं. असल्या धंद्याला माणूस का चिकटतो देव जाणे. हे मात्र गोचिडासारखे चिकटले होते.

एखादा नवा नट ‘मला लाइमलाइटमध्ये यायचंय’ म्हणाला की उजेडराव त्याला धरून बसवत.

“त्यातला लाइम म्हणजे काय, माहितीये? चुना!”

मग सगळं पुराण. विजेच्या आधी रंगमंचावर झोत टाकायला चुन्याचा खडा ज्योतीत तापवत. तो पांढराशुभ्र तळपू लागला की त्याचा उजेड नटावर टाकायचा, तो लाइमलाइट. ज्योतीने खड्याला खळगे पडत, म्हणून एक माणूस शेजारी उभा राहून तो सारखा फिरवत असे.

“उजेडात उभं राहिलेल्याचं नाव झालं, आणि शब्दाचा अर्थच प्रसिद्धी होऊन बसला. खडा फिरवणाऱ्याचं काय झालं, कोणी विचारलं?”

“चुना लावून गेला असेल,” असं म्हणून नट सटकत.

हे पुराण शेवटपर्यंत ऐकलं ते एकट्या बाईंनी. बाई म्हणजे मंडळीची नायिका. केस रंगवायला लागून बरीच वर्षं झालेली, पण तोंडाचा पट्टा अजून तरुण.

“अहो, त्या उजेडात एकदा उभं राहून बघा,” त्या म्हणाल्या. “प्रेक्षक दिसत नाहीत, मंचाची कड दिसत नाही. सगळ्यांना मी दिसते आणि मला काही नाही. तुमचा गोल आहे तिथवर जमीन आहे, एवढंच मला कळतं.”

उजेडरावांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पुढे त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. कडेकडेचं दिसे, पण ज्याच्याकडे बघायला जावं तेच नाहीसं होई. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुकलाय, इलाज नाही. बायको म्हणाली, “सांगून टाका मंडळीत.” ते म्हणाले, “सांगितलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. घरी बसून मी काय तुझ्यावर झोत टाकू?” त्यांनी ही गोष्ट गिळून टाकली आणि कानांनी काम सुरू केलं. मंचाची फळी जिथे वाजे तिथे गोल नेत. नशीब असं की त्याच सुमाराला बाईंची पावलं जड झाली. धप धप चालायच्या. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं, नायिका आली की हत्ती आल्यासारखं वाटतं. लोक हसले. बाईंनी ते वाचलं आणि चाल काही बदलली नाही.

नव्या नाटकाच्या दिग्दर्शकाला मात्र ती धपधप सोसेना. त्याने बाईंना समजावलं, दटावलं, हात जोडले. शेवटी पहिल्या प्रयोगाच्या दुपारी त्याने पुढची कड तेवढी सोडून अख्ख्या मंचावर जाड गालिचा अंथरला. बाई भांडल्या. का नको ते मात्र सांगेनात. उजेडराव खुराड्यातून ऐकत होते. गालिच्यावर पाऊल वाजणार नाही, हे त्यांना कळलं. पण बोलणार काय?

पहिला अंक आवाजाच्या रोखाने कसाबसा निभावला. शेवटच्या अंकात बाई न बोलता चालत, आणि तिथे सगळंच संपलं. गोल मंचावरच्या एका रिकाम्या खिडकीवर जाऊन बसला. प्रेक्षागृहात कुजबुज सुरू झाली. उजेडराव जिवाचा कान करून बसले, आणि मंचाच्या अगदी पुढून, लाकडावर, ताडकन एक पाऊल वाजलं. त्यांनी झोत तिकडे मारला. बाईंच्या डोळ्यांत तो भरला आणि पुढच्याच पावलाला त्या मंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात कोसळल्या.

दिवा ऐन वेळी बिघडला, असं मंडळीने परस्पर ठरवूनही टाकलं.

उजेडराव दवाखान्यात गेले. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता मंच विसरा, असं त्यांना सांगून झालं होतं.

“एवढ्या पुढे का आलात, बाई?”

“गालिचा तिथे संपत होता. म्हटलं, उघड्या फळीवर पाय आपटला तर तुम्हाला ऐकू जाईल.”

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?”

“तालमीत एकदा तुम्ही रिकाम्या खुर्चीवर उजेड धरून बसला होतात. मी पलीकडे पाय आपटला, तर तुमचा गोल धावत आला. तेव्हापासून आपटतेय.” त्यांनी डोळे मिटले. “दिवा बिघडला म्हणतायत ना, म्हणू दे. तुम्ही तोंड उघडू नका.”

उजेडरावांनी आयुष्यभर बाईंचं ऐकलं होतं. हे मात्र ऐकलं नाही. दवाखान्यातून ते तडक व्यवस्थापकाकडे गेले. तो खुशीत होता: दिवा दुरुस्त झाला होता आणि नवी नायिका मिळाली होती, पिसासारखी हलकी चालणारी.

“दिवा चांगलाच होता,” उजेडराव म्हणाले. “मला दिसत नाही. किती वर्षं दिसत नाही.”

व्यवस्थापकाने विचारलं, “मग इतकी वर्षं झोत कोण चालवत होतं?”

“बाई.”

त्यांनी खिशातून खुराड्याची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ती टेबलाच्या शेजारी, जमिनीवर पडली.