डॉक्टरांना माझा फोन लागला नाही

मंडळी, आज सकाळी नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला चंदीगडच्या हॉस्पिटलात आणलं. त्याला आत नेलं आणि कोल्हापूरहून नातेवाईकांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगत होते.

माझ्या मामांशी बोलत असताना नर्स धावत आली. "मॅडम, डॉक्टर साहब कब से फोन मिला रहे हैं. साइन चाहिए."

मामांचा फोन तोडून मी संमतीपत्रावर सही केली.

स्टेंट बसला. नवरा आता बोलतोय.

नणंदेला फोनवर म्हटलं, "ताई, मी फक्त तुम्हाला कळवेन. बाकीच्यांना तुम्ही सांगा."

"सांगते. तू काही खाल्लंस का?"

मला रडूच आलं.

पण डॉक्टर थांबले होते, ती मिनिटं डोक्यातून जात नाहीत. तुमच्याकडे अशा वेळी फोन कोण सांभाळतं?