लाईन नसताना चावणारा डबा

मंडळी, माझी फजिती मी स्वतःच सांगितलेली बरी. लातुरात दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल, तर तीत भूतही भेटेल!

किराणा दुकान मुलाच्या स्वाधीन केल्यापासून मी विज्ञानाचे ग्रंथ वाचतो. अशाच एका ग्रंथावरून मी उच्च दाबाची वीज साठवणारे धारित्र घरीच सिद्ध केले. धातूची पातळ पाने आणि प्लास्टिकचे ताव एकत्र गुंडाळले, ती गुंडाळी डब्यात उभी केली आणि डबा रोहित्राच्या जुन्या, काळपट तेलाने भरला. वर पितळेच्या दोन खुंट्या. त्यांच्यामध्ये निळी ठिणगी कडाडली, की मला स्वतःविषयी फार आदर वाटे.

प्रयोग संपला की मी तारा सोडवीत असे आणि लाकडी मुठीच्या सळईने खुंट्या जोडून साठा रिता करीत असे. डबा निष्प्राण! निदान माझी तशी समजूत होती.

एके दिवशी सकाळपासून वीज नव्हती. दुपारी घरात शुकशुकाट. इतक्यात आमच्या सौभाग्यवतींची किंकाळी!

"ओ, तुमचा डब्बा चावला मला!"

"अशक्य! वीज नाही, तार नाही. चावेल कोण?"

"त्येच तर इचारते मी. कोण हाय त्यात?"

मी नियमानुसार सळई टेकवली. 'चट्' असा बारीक आवाज आला, पाल असावी. मग खुंट्यांना हात लावला. काहीही नाही!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काशीबाई डबा पाहावयास आल्या आणि हात झटकीत मागे सरल्या. मी सळई टेकवून हात लावला. पुन्हा शांत.

"अण्णाला काहीच करत न्हाई," काशीबाई माझ्याकडे पाहत कुजबुजल्या. "धनी वळखतंय ते. भानामती हाय ही!"

खरे सांगू? त्यानंतर डब्याजवळ गेलो, की हातावरचे केस उभे राहत. तेलातून एखादा बुडबुडा सावकाश वर येई आणि त्या काळ्या पृष्ठभागावर माझाच चेहरा थरथरे.

सौभाग्यवतींनी पिशवी भरली. "ह्या घरात एक तर ते ऱ्हाईल, न्हाई तर मी. जळकोटला चालले भावाकडं."

एवढ्या वर्षांच्या संसारात पिशवी प्रथमच भरली गेली होती. मी हादरलो. "थांब, साऱ्या गल्लीसमोर सिद्ध करून दाखवतो!"

ओसरीवर गर्दी जमली. मी सळई टेकवली, दोन्ही हात खुंट्यांवर ठेवले. "पाहा!" काहीही झाले नाही. येथेच थांबावयास हवे होते. पण थांबेन तो मी कसला? हात काढून मी अंधश्रद्धेवर व्याख्यान आरंभिले. डबा माझ्या कोपराशी गप्प बसून ऐकत होता.

"अण्णा, आटपा की, लेकरं यायची शाळेतून," काशीबाई कळवळल्या.

मग मी समारोपासाठी दोन्ही हात पुन्हा खुंट्यांवर ठेवले.

"आई रेणुके, सोडव मला! माहूरला पायी येतो!"

ही आरोळी माझीच होती, याविषयी गल्लीत एकमत आहे.

रित्या केलेल्या धारित्रात काही वेळाने थोडी वीज आपोआप परत उमटते, हे ग्रंथाच्या पुढच्याच पानावर होते. मी बांधणीपुरतेच वाचले होते. ते पान मी सौभाग्यवतींना मोठ्याने वाचून दाखवले.

"वाचा, वाचा," त्या पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवीत म्हणाल्या. "कोणतरी हाय त्यात, तुमाला बी पटलं न्हवं? मग मी कशाला जाऊ?" आणि त्यांनी डब्याला कुंकू लावले.

आता दोन्ही खुंट्या तारेने कायमच्या जोडल्या आहेत. धारित्र पूर्णतः निरुपद्रवी आहे, हे मी कोणासही समजावून देऊ शकतो. विजेच्या उपकरणाजवळ पायांत रबरी चप्पल असावी, हेही मी जाणतो.

तरीही डब्याच्या त्या खोलीत शिरताना चप्पल मी बाहेरच काढतो.