बाबूच्या काठीचा जोड

दत्तोबाचा जन्म धायरीचा, आणि मरणही धायरीतच यावं अशी सोय बिल्डरने करून ठेवली होती. ज्या वावरात त्याच्या बापाने ज्वारी काढली, त्याच वावरावर आता सात मजली इमारत उभी होती आणि तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट दत्तोबाच्या वाट्याला आला होता. विहीर होती त्या जागी आता कुणाची तरी पांढरी गाडी लागायची. भावाभावांच्या वाटण्यांतून हाती राहिलं ते एवढंच. बाकी कारखान्याची पेन्शन. वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि रक्तदाबाच्या गोळ्या एवढं भागलं की तीही संपायची.

मूलबाळ नव्हतं. बायको मैना गेली त्यालाही बरीच वर्षं झाली होती. तिची निळी छत्री मात्र अजून दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली होती. उरला होता फक्त बाबुराव. लहानपणी एकाच विहिरीत पोहायला शिकले, पुढे एकाच कारखान्यात लागले. दत्तोबा विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे घालायचा, बाबुराव स्टोअरमध्ये. निवृत्तीनंतर दर रविवारी दोघं खडकवासल्याकडे पाण्याच्या कडेला गळ टाकून बसायचे. दत्तोबाचा साधा बांबू. बाबुरावची मात्र फायबरची, रीळवाली काठी. निवृत्तीला मिळालेलं घड्याळ त्याने भाच्याला देऊन टाकलं आणि जमवलेल्या पैशांतून ही काठी घेतली. मासे दोघांनाही सारखेच, म्हणजे फार नाही, मिळायचे. तासन् तास बोलणं व्हायचं नाही, पण शेजारी कुणीतरी आहे हे कळायचं.

मग बाबुरावचे गुडघे गेले आणि त्याची मुलगी तनुजा त्याला खराडीला घेऊन गेली. आता खराडीही पुण्यातच आहे, निदान नकाशात तरी. धायरीहून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत सकाळचं जेवण पचून जातं. जाताना बाबुरावने काठी दत्तोबाच्या हातात दिली.

"तिकडं चौदाव्या मजल्यावर काय मासं धरू? तुझ्याकडंच राहू दे. आलो की लागंलच."

या शेवटच्या वाक्यावर दत्तोबाचे सगळे महिने निघत होते. पाडवा गेला, पावसाळा गेला, गणपती बसले आणि उठलेसुद्धा. बाबुराव काही आला नाही. पण काठी इथे आहे म्हणजे तो येणार, असा दत्तोबाचा साधा हिशेब होता. एकटा तो पाण्यावर जात नव्हता. एकदा गेला होता, शेजारची मोकळी जागा बघून तासाभरात परत आला. तरी दर रविवारी तो काठी खाली काढायचा, खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसायचा आणि परत कपाटावर ठेवायचा.

घात झाला तो दिवाळीनंतर. काठी पुसून झाल्यावर तिची लवचिकता बघावी म्हणून त्याने ती दोन्ही हातांत धरून वर झटकली. कौलारू घरात वाढलेला माणूस तो. त्या घरात आढ्याला हात लावायचा तर शिडी लागायची. फ्लॅटमध्ये राहून इतकी वर्षं झाली, तरी डोक्यावर हातभर अंतरावर पंखा फिरतोय हे काही अंगवळणी पडलेलं नव्हतं. खाडकन आवाज झाला. शेंड्याचा वीतभर तुकडा भिंतीवर आपटला आणि टोकाची, गळाचा दोर ओवायची कडी टीपॉयखाली घरंगळत गेली.

दत्तोबा खालीच बसला. पंखा आपला फिरतच होता.

आणि नशीब असं, की दुसऱ्याच दिवशी बाबुरावचा फोन आला.

"दत्त्या, येत्या रविवारी येतोय. तनुजा आणतीय गाडीनं. काठी बरी हाय ना?"

"ठणठणीत हाय," दत्तोबा म्हणाला. फोन ठेवून त्याने टीपॉयखालची कडी शोधून काढली.

नवी काठी घ्यायचा विचार त्याने केला, नाही असं नाही. दुकानात जाऊन किंमत विचारली. दुकानदाराने त्याच्या पायांतल्या चपलांकडे बघत आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "बघायचे पैसे घेत नाही आम्ही." दत्तोबाही धायरीचाच. "तेवढंच परवडतं, म्हणून तर आलो," म्हणाला आणि बाहेर पडला. पण रस्त्यावर आल्यावर भलताच विचार डोक्यात आला. काठी मोडली म्हटल्यावर बाबूला इकडे यायला कारण तरी काय उरणार होतं? दत्तोबाकडे बघायला म्हणून कोण दोन तास ट्रॅफिकमध्ये बसतं?

दुरुस्तीच करायची ठरली. फायबरची काठी आतून पोकळ असते. त्या पोकळीत काहीतरी बारीक आणि चिवट घालून दोन तुकडे जोडायचे, वरून दोरा गुंडाळायचा. आधी त्याने झाडूची काडी घालून पाहिली, ती पहिल्याच ताणाला तुटली. मग सायकलची तार शोधली, ती आत जाईना. घरभर फिरून झालं. शेवटी नजर दारामागच्या छत्रीवर गेली आणि त्याने ती लगेच दुसरीकडे वळवली.

दोन दिवस तो त्या छत्रीकडे न बघता ये-जा करत होता. मग एका दुपारी त्याने ती खिळ्यावरून काढली. उघडली तेव्हा तिच्यातून जुन्या कपाटाचा वास आला. बाजारातून येताना मैना ही छत्री अर्धी त्याच्या डोक्यावर धरायची आणि स्वतः भिजायची, आणि घरी आल्यावर त्याच्याच नावाने बोटं मोडायची. दत्तोबाला रडू आलं. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे त्याने ते आवरलंही नाही. मग नाक पुसून त्याने एक काडी मोकळी केली आणि लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याने पाहिजे तेवढी कापली. पोकळीत ती बेताने, बरोब्बर बसली.

"घे," तो रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला, "मासे नको मासे नको म्हणायचीस ना? आता तुझीच काडी मासे धरंल."

डिंक मात्र विकत आणावा लागला. दोन नळ्यांतला सारखा सारखा घेऊन कालवायचा असतो तो. पुरवून वापरावा म्हणून दत्तोबाने दुसऱ्या नळीतला जरा कमी घेतला, आणि काटकसर अंगाशी आली. दुसऱ्या दिवशीही जोड गुळाच्या पाकासारखा चिकटच. सगळं खरवडून काढलं, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासली आणि पुन्हा कालवला, या वेळी दोन्ही नळ्या सारख्या पिळून. जोडावर शिवणाचा काळा दोरा गुंडाळायला बसला तेव्हा मात्र हात आपोआप चालू लागले. वेढ्याला वेढा लागून, मध्ये केसाचीही फट नाही, शेवटचं टोक आतल्या आत ओढून घेतलेलं. टोकाची कडी वाकली होती, तिच्या जागी सेफ्टी पिनेचा गोल वेटोळा बांधला. वाळल्यावर काठी वाकवून पाहिली. दुसरीकडून मोडली असती, जोडावर मोडली नसती. कितीतरी महिन्यांनी दत्तोबाला त्या दिवशी भूक लागली.

रविवारी सकाळी त्याने सोसायटीच्या बागेत उकरून डबीभर गांडुळं काढली. वॉचमनने हटकलं, तर "माझ्याच बापाची जमीन हाय," असं त्याला ऐकवलं. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली पिशवीत भरून ठेवली. बाबूच्या गुडघ्यांसाठी फोल्डिंगची खुर्चीही खाली नेऊन ठेवली.

बाबुराव आला. वाळला होता, पण इस्त्रीच्या शर्टात चांगला दिसत होता. चहा झाला. तनुजा घड्याळ बघत होती.

"काका, आम्ही लगेच निघतो हां. परत ट्रॅफिक लागतं. बाबांची काठी तेवढी न्यायची होती. तिकडे सोसायटीतल्या सीनियर सिटिझनचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भीमेकडे फिशिंगला जातात. सगळे बाबांना ये ये म्हणतायत."

पिशवीतल्या भाकरी दत्तोबाला आठवल्या. मोडकीच राहू दिली असती तर इथेच राहिली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची लाजही वाटली. त्याने कपाटावरून काठी काढून बाबुरावच्या हातात दिली.

"शेंड्याकडं मोडली होती. माझ्या हातनंच. जोडलीय."

बाबुरावने जोडावरून अंगठा फिरवला. कारखान्यात दत्तोबाने बांधलेल्या हजारो मोटारी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यातली एकही सैल म्हणून परत आली नव्हती.

दत्तोबाने शेंड्याकडे बोट केलं. "पर जोड तसा कच्चाच हाय, बाबू. दोरा सैल पडतो. दोन-तीन महिन्यांनी परत बांधायला लागंल. तिकडं कुणाला जमायचं नाय ते."

"युट्यूबवर असतं काका सगळं," तनुजा म्हणाली.

बाबुराव उठून दाराकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. दाराच्या मागे निळी छत्री टांगलेली होती आणि तिची एक बाजू लुळी पडून लोंबत होती. ती छत्री त्याने ओळखली. मैनावहिनी पन्नास पावलांवरूनही त्या छत्रीवरून ओळखू यायची. कापडाखालच्या गेलेल्या काडीची जागा त्याने बोटाने चाचपली, मग त्याने पुन्हा त्या काळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, या वेळी हळूच.

"युट्यूबवाल्याचं काम न्हाई हे," तो मुलीला म्हणाला. "आत्ताच सैल लागतोय बघ. हितंच आणायला लागंल मला. दर खेपंला."

"तेवढं सांभाळून वापर," दत्तोबा म्हणाला.

"तू बस जोडत," बाबुराव म्हणाला, आणि त्याचा खांदा धरून जिन्याकडे वळला.

गाडी गेटबाहेर पडेपर्यंत दत्तोबा खाली उभा राहिला. मग त्याने डबीतली गांडुळं परत बागेत सोडली, खुर्ची उचलली आणि वर आला. जेवला एकटाच. जेवण झाल्यावर डिंकाच्या दोन्ही नळ्यांची तोंडं फडक्याने पुसली, झाकणं घट्ट फिरवली आणि वाळून जाऊ नये म्हणून त्या उन्हापासून लांब, मैनाच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवून दिल्या.