तीन वाजता ओढलेला काळा कपडा

देवगाव रंगारीच्या शिवारातलं तात्यासाहेबांचं पॉलिहाऊस बारा वर्षं वहाब सांभाळतोय. आत पाऊल टाकताच गालाला लागणाऱ्या हवेवरून तो तापमान सांगायचा आणि ते एखाद्या अंशानंच चुकायचं. फवारे कधी सोडायचे, बाजूचे पडदे किती गुंडाळायचे, यात तात्यासाहेब कधी पडत नसत.

त्या उन्हाळ्यात श्रावणासाठी शेवंती लावली होती. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. उन्हाळ्यात ती कुठून मिळणार? म्हणून वाफ्यांवर काळा कपडा ओढून अंधार करायचा. ऊन कलल्यावर सहाला वहाबनं कपडा ओढायचा आणि सकाळी आठला तिथल्या मजूर दगडाबाईनं काढायचा, असं ठरलेलं होतं.

मेअखेरीला वहाबच्या मुलीचं, आमरीनचं लग्न होतं, शहरातल्या छावणी भागात. खरेदी, हॉल, पाहुणे, सगळं त्याच्याच अंगावर. शहराकडं जाणारी सोयीची बस साडेतीनची. त्यामुळं आठ दिवस त्यानं कपडा तीनलाच ओढला. अंधार जास्तच मिळतोय, कमी तर नाय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पण मेच्या उन्हात काळ्या कपड्याखाली भट्टी पेटते आणि त्या उष्णतेनं कळी अडते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिथल्या तापमापकाचा एक काटा दिवसातल्या सर्वांत जास्त तापमानावर थांबून राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्रेचाळीसवर होता. वहाबनं बटण दाबून काटा खाली आणला. मग रोजच आणला.

श्रावण लागला तरी कळ्या हिरव्या, मुठी आवळून बसलेल्या.

"अंधार कमी पडला," तात्यासाहेब म्हणाले. "सकाळी कपडा कोण काढतं?"

"आठाच्या आधी म्या कधी हात लावला नाय, मालक," दगडाबाई म्हणाली.

तात्यासाहेबांनी वहाबकडं पाहिलं. वहाबनं वाफ्याकडं पाहिलं. "निघाला असंल एखांद्या दिवशी लवकर," तो म्हणाला.

तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून दगडाबाईचं काम बंद झालं. नऊ वर्षं ती तिथं राबली होती. आमरीनच्या हळदीला हिरव्या बांगड्या घेऊन छावणीपर्यंत आली होती. त्या बांगड्या घातलेली मुलगी माहेरी आली की वहाबला तिच्या हातांकडं बघवेना.

भाद्रपदात हवा निवली आणि शेवंती उशिरा का होईना, फुलली. तात्यासाहेब खुशीत म्हणाले, "तू होतास म्हणून एवढी तरी वाचली, वहाब."

ते त्याला सोसलं नाही. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगून टाकलं. तीनची वेळ, काटा, बटण, सगळं.

तात्यासाहेब म्हणाले, "दगडाबाईला सांगितलंस?"

"नाय."

"मग माझ्यासमोर काय उभा राहिलास? जा, तिला परत बोलव."

दगडाबाई एका शेतात बायांबरोबर कापूस निंदत होती. वहाबनं तिला बांधावर बोलावलं आणि खालमानेनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "माफ कर, आक्का. मालक परत बोलवतेत."

तिनं खुरप्याची माती बोटानं पुसली. "मला एकलीला कशाला सांगतूस? कामचुकार म्हणून गावानं नाव ठिवलं मला. त्या बायांनी ऐकलंय ते. त्यांना सांग."

वहाब कापसाच्या दोन ओळींमधल्या तासात उतरला. सात-आठ बाया कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दगडाबाई निंदायला खाली बसली होती.

ती पॉलिहाऊसवर परत आली नाही. तात्यासाहेब स्वतः जाऊन आले, तरी नाही. वहाबला त्यांनी कामावर ठेवलं, पण आता तापमान तोंडी विचारत नाहीत. आत येऊन काटा स्वतः बघतात. वहाब बाजूला सरून त्यांना वाट देतो.