जपानचा कॅमेरा आन तेरा हजाराची पावती

खुन्नस वाईट असती म्हणतात. कोण म्हणतात? ज्यांचं कधी कुणी काई हिसकून घेतलं न्हाई, ती माणसं. मी रामकिसन, वडवणीच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलं. ह्या डोळ्यांनी पाहिलंय, खुन्नस नीट सांभाळली तर माणसाला जगवती. आमचा बिभीषण फोटोवाला एक उन्हाळा आन अर्धा पावसाळा निस्त्या खुन्नसवर जगला.

बाजारतळाला लागून त्याचा स्टुडिओ. दहा बाय दहाची खोली, मागं धबधब्याचा पडदा, एक स्टूल. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली जोडपी त्याच्याकडं यायची, मागं म्हातारीजवळ ठेवलेल्या लेकरांसाठी फोटो काढून ठेवायची. त्यांच्याकडून हा अर्धेच पैसे घ्यायचा. हाताला लई सफाई, तोंड मात्र फाटकं. नवरदेवाला म्हणायचा, "हस की बे, फाशी न्हाई, लगीन हाय."

एकोणीस साली पाणी पार आटलं. दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी टाकली. चेरमन सुंदरराव. संस्था त्यांची, छावणी त्यांची, टँकर त्यांच्या मेव्हण्याचा. एकेका जनावराचा कानातल्या बिल्ल्यासकट फोटो पायजे असं वरून सांगणं आलं, तवा संस्थेनं ठराव केला की नवा कोरा कॅमेरा घ्यायचा. ठराव झाला आन चेरमननं बिभीषणला वाड्यावर बोलावलं.

"बे बिभ्या, नव्याला कोण पैसे घालतंय? जपानात जुने चांगले मिळतात म्हणं."

बिभीषणला त्यातलं लई कळायचं. मोबाईलवर जपानी दुकानांतले जुने कॅमेरे बघत बसायचा त्याला नादच व्हता. ठरलं असं की मागवायचा बिभीषणच्या नावावर आन छावणीचं समदं फोटोचं काम बिनधास्त बिभीषणचं. चेरमननं एकतीस हजार रोख हातावर ठेवले. लिहिणं-पुसणं काईच न्हाई.

आन शहाणपण बघा चेरमनचं. म्हणला, "त्या जपान्याला लिही, डब्यावर 'भेट' म्हणून लिहावं, किंमत हजारभर टाकावी. कस्टम लागायचं न्हाई." बिभीषणनं तसं लिहिलं. जपान्याचं उत्तर आलं, माफ करा, खोटं लिहून देता येत न्हाई. बिभीषण मला मोबाईल दाखवून म्हणला, "बघ रामकिसन, असा माणूस आपल्या तालुक्यात घावंल का?"

पार्सल मुंबईत अडकलं. कस्टमचं पत्र मीच नेऊन दिलं. तुमी कोण, पैसे कसे दिले, पुरावा दाखवा. बिभीषणनं आपलं आधार दिलं, आपला बँकेचा उतारा दिला. पंधरा-वीस दिवसांनी पार्सल आलं, वर कागद चिकटवलेला. वापरलेला कॅमेरा, त्याचा नंबर, किंमत एकतीस हजार, मागवणारा बिभीषण, आन कस्टम तेरा हजाराच्या वर. शंभराला बेचाळीस! वस्तू जुनी असो न्हाईतर नवी, ते भरल्याबिगर मला पार्सल हातात देता येत न्हवतं.

चेरमन म्हणला, "तुझ्या नावावर आलंय, तू भर. छावणीत तिप्पट कमवशील."

बिभीषणनं आपला जुना कॅमेरा बीडच्या एका फोटोवाल्याला विकला. त्याची बायको साखराबाई लई भांडली. "दागिना मोडला असता तर मी काई बोलले नसते. हत्यार कावून विकलं वो?" हा म्हणला, "अगं, त्याच्यापेक्षा भारी येतंय की." मी पैसे घेतले, त्याच्या नावाची पावती फाडली, पार्सल दिलं. नवरीचा पदर सारावा तसा त्यानं त्या डब्याचा कागद काढला.

चार दिवस. निस्ते चार दिवस त्या कॅमेऱ्यानं त्यानं जनावरं काढली. पाचव्या दिवशी चेरमनचा पुतण्या गहिनीनाथ आला आन भर छावणीत ह्याच्या गळ्यातला पट्टा ओढून कॅमेरा घेतला. चेरमन खुर्चीत बसल्या बसल्या म्हणला, "संस्थेची वस्तू हाय. उद्यापासून पुतण्या काढंल फोटो."

"मालक, माझे तेरा हजार?"

"कसले तेरा? म्या सांगितलतं का जपानात जायला?"

चेरमनच्या भवती बसलेली माणसं फिदीफिदी हसली. मी तिथंच व्हतो, टपाल द्यायला गेलतो. मी हसलो न्हाई, पण बोललोबी न्हाई. भ्यालो. त्याची मला आजबी लाज वाटती.

लग्नसराई आली आन गेली, फोटोवाला बिनकॅमेऱ्याचा. झेरॉक्स आन लॅमिनेशनवर चूल पेटायची. तिकडं गहिनीनाथ फोटो काढायचा, त्यात बिल्ला सोडून समदं असायचं. निम्म्या फोटोत शेपट्याच. मी बिभीषणला म्हणलं, पोलिसात जा, पावती तुझ्या नावाची हाय.

तो म्हणला, "ठाण्यात दोघंच असणार, तो आन मी. मला समदं गाव पायजे."

तेवढ्यात संस्थेचा कारकून त्रिंबक झेरॉक्सला आला आन बोलता बोलता बोलून गेला. संस्थेच्या दप्तरात नव्या कोऱ्या कॅमेऱ्याचं बिल हाय, एक लाख वीस हजाराचं. बिभीषणनं त्याला स्टुलावर बसवलं, चहा पाजला आन एकच इचारलं, "सभा कधी हाय?"

आषाढ कोरडाच गेला. श्रावणात संस्थेची सभा छावणीच्याच मांडवात भरली. तीनेकशे माणूस, निम्म्या बाया. मागं चेरमनचा हात जोडलेला फ्लेक्स. चेरमन बोलायला उठला आन बिभीषणनं बाजूच्या बांबूवरून दोरी सोडली. चेरमनच्या फोटोवर दुसरा फ्लेक्स उलगडत खाली आला. दहा बाय आठ फूट. कस्टमचा कागद! शिक्क्यासकट, आन खाली तांबड्या अक्षरात मराठीत: वापरलेला कॅमेरा. किंमत एकतीस हजार. मालक बिभीषण.

"कुणी लावलं बे हे?"

"म्या," बिभीषण उभा राहिला. "मालक, गहिनीनाथच्या गळ्यातला कॅमेरा कुणाचा हाय?"

"संस्थेचा! समद्यांना म्हाईत हाय."

"मग एकतीस हजाराचा जुना आणून दप्तरात एक लाख वीस हजाराचा नवा कावून लिहिला?"

चेरमन घाईघाईनं म्हणला, "न्हाई न्हाई. संस्थेनं नवाच घेतलाय. बिल हाय."

"मग तो नवा कुठं हाय? ह्या कॅमेऱ्यामागचा नंबर आन त्या कागदावरचा नंबर एकच हाय. हा माझा हाय."

चेरमन ओरडला, "नावाला जागलास की रे! घरभेद्या!"

"तुमच्या घरात मी कधी व्हतो, मालक?"

पुढं बसलेली एक बाई, दोन म्हशी छावणीत असलेली, पदर खोचून उठली. "चेरमन, घर-बिर राहू द्या. हा कॅमेरा कुणाचा, एकदा सांगा. संस्थेचा म्हणलात तर आमच्या दुधाचे पैसे खाल्ले. ह्याचा म्हणलात तर नवा दाखवा."

दोन्हीकडून आग. चेरमननं घाम पुसला. बारीक आवाजात म्हणला, "बिभीषणचा."

"ऐकू आलं न्हाई!" हे कोण ओरडलं? मी. माझ्या तोंडातून कसं निघालं म्हाईत न्हाई, पण लई बरं वाटलं.

"बिभीषणचा हाय!" चेरमन किंचाळला.

"मग ज्या हातानं हिसकायला लावला, त्याच हातानं द्या," बिभीषण म्हणला.

चेरमननं सोता पुतण्याच्या गळ्यातून पट्टा काढला आन बिभीषणच्या गळ्यात घातला. बिभीषणनं लगेच कॅमेरा डोळ्याला लावला, चेरमनचा एक फोटो काढला, आन मांडवातून निघून गेला.

सभेनं चेरमनला आठ दिवसांची मुदत दिली. पदरचे एक लाख वीस हजार मोडून नवा कॅमेरा आणावा लागला. त्यांनी दिलेले एकतीस हजार? बुडाले! मागायचे म्हणलं तर कशापायी दिलते, ते सांगावं लागंल. मला त्यांची कणभर दया आली न्हाई.

तो फोटो बिभीषणनं मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला, रस्त्याच्या बाजूनं. घाम, उघडं तोंड, वर उचललेला रिकामा हात, समदं स्वच्छ आलतं. बाजाराच्या दिवशी माणसं थांबून बघायची. चेरमननं आधी त्रिंबकला पाठवलं, मग मेव्हण्याला. बिभीषण दोघांनाबी म्हणला, "ज्याचा फोटो हाय, त्यानं यावं."

दिवाळीच्या आधी चेरमन सोता आला. गाडी लांब उभी करून, चालत. मी पत्र द्यायला तिथंच व्हतो, आन ह्या बारीनं मी हाललो न्हाई. चेरमन दारात उभं राहून म्हणला, "बिभीषणराव, झालं गेलं जाऊ द्या. तेवढा फोटो काढून घ्या."

अख्ख्या जन्मात त्याला कुणी राव म्हणलं न्हवतं. बिभीषण उठला, फडकं घेतलं, चेरमनच्या शेजारून बाहेर गेला आन त्याच्या देखत त्या फोटोवरची काच नीट पुसली.