तात्यांनी स्वतःच्या घरात न विचारलेला प्रश्न

तात्या गेले. अर्धी दाढी झाली होती.

सकाळी गल्लीतल्या संत्याचा फोन आला तेव्हा मी भट्टीपुढं होतो. म्हटलं, येड्या, काल सांजच्याला बोललोय मी त्यांच्याशी. लग्न कवा करतुयास म्हणून शिव्या घालत होते.

"आरं खरंच गेलं रं. हातातला आरसाबी सुटला न्हवता."

टाईप करताना चुकलं तर सांभाळून घ्या. आपलं शिक्षण आठवी, तीही अर्धी.

तात्या म्हणजे पलूसकडं आमच्या गावातले शेजारी. नात्यानं कोणी नाहीत. पण मी सोनं गाळायच्या दुकानांत चार शहरं बदलली आणि दर वेळी पहिला फोन त्यांचाच. "आता कुठं पळालास रं?"

आता कानपूरला आहे, तात्या. आणि तुमीच पळालात.

तरुणपणी ते सरकारी सर्वेत होते. बहात्तरच्या दुष्काळानंतरची वर्षं. पाटणच्या डोंगरापासून वडूजच्या माळापर्यंत पायी. घरोघर विचारायचं, लेकरं किती झाली, किती जगली, किती गेली.

गेल्या यात्रेला मी त्यांना डिवचलं. "तात्या, तुमी जन्मभर नुसते फॉर्म भरले की."

हसले नाहीत. म्हणाले, "तुमी सोन्याचा टंच कसा काढता?"

"तुकडा कापून सोनं किती शुद्ध ते तपासायचं. डाउट आला की परत तपासायचा."

"आमचंबी तसंच. दहा घरामागं एक घर सुपरवायझरबाई येऊन परत विचारायची. कुठलं घर, ते चिठ्ठी टाकून. आपुन काय लिवलंय ते बघायच्या आधी."

मग त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी यात्रेत परत गेलोच नाही.

सर्वे फिरत फिरत आमच्याच गावात आला होता. सगळी घरं झाली. राहिलं त्यांचं स्वतःचं.

तात्यांची बायको, आमच्या काकी, आत भाकरी थापत होत्या. तात्यांनी बाहेर बाजेवर बसून फॉर्म भरला. काकींना एक शब्द विचारला नाही.

"आपल्याच घरात काय इचारायचं, लेका? मला ठावं हुतं की. तवर बाळंतपणं दोन. थोरला जित्ता. दुसरी पोरगी, मेलेलीच जन्मली."

ती पोरगी काकींच्या माहेरी झाली होती, वडूजकडं. तात्या तेव्हा पाटणच्या वर वाड्या-वस्त्यांवर फिरत होते. निरोप गेला होता, पण मुक्काम रोज वेगळा. निरोप गाठेपर्यंत उशीर झाला. पाचव्या दिवशी ते पोचले तर सासरे दारातच म्हणाले, "मेलेलंच झालं."

आणि चिठ्ठीत नेमकं तात्यांचंच घर निघालं.

साताऱ्याच्या शेखबाई सुपरवायझर होत्या. कडक. त्यांनी तात्यांना बाहेर काढलं. "घरधनी समोर असला की बायका बोलत नाहीत. तुम्ही जोत्यावर बसा."

तात्या जोत्यावर. दार उघडं.

शेखबाईंनी विचारलं, "दुसऱ्या खेपेचं बाळ जन्मल्यावर रडलं होतं का?"

काकी चुलीत लाकूड सारत राहिल्या.

"अगं, हललं होतं? दूध ओढलं होतं?"

"रडलं," काकी म्हणाल्या. "लय रडायची. तीन दिवस हुती."

तात्या मला म्हणाले, "मी जोत्यावर बसून दिस मोजलं रं."

तीन दिवस. वाट बघून गेली पोरगी. तीन दिवस जगली आणि बाप आला नाही, हे त्याला जन्मभर सलत राहील म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली होती. काकींचंसुद्धा.

शेखबाई बाहेर आल्या. तात्यांचा फॉर्म मागितला, बघितला.

"घरात न विचारता भरलाय?"

"व्हय बाई."

"यासाठी माणसं कामावरून काढून घरी पाठवलीत मी."

"पाठवा. पन त्ये तेवढं ऱ्हाऊ द्या. घरातल्यांनी झाकलंय, कागदाला काय करायचंय?"

"जन्मली असेल तर जन्माच्या रकान्यात आली पाहिजे. गेली असेल तर मृत्यूच्या. तुमच्या हातानं दुरुस्त करा, सही करा."

तात्या आत गेले. काकींना पहिल्यांदा विचारलं, "नाव काय ठेवलं हुतं?"

"बारसं कुठं झालं, नाव ठेवायला?"

नावाच्या जागी त्यांनी 'मुलगी' लिहिलं. वय, दिवस तीन. खाली सही.

शेखबाईंनी त्यांना काढलं नाही. पण तात्याच म्हणाले, माझी झालेली गावं मला परत द्या. जिथं जिथं त्यांनी 'मेलेलं जन्मलं' लिहिलं होतं, ती सगळी घरं ते परत पायी फिरले. हा एक प्रश्न विचारायला. घरधन्याला जोत्यावर बसवून.

"लय घरात रडलं हुतं रं," एवढंच म्हणाले.

आज गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय. तात्यांच्या मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडं.

मी पोचणार नाही. दुपारीच उचलणार आहेत. म्हणून संत्याला सांगून काकींना फोन लावला. मला रडायलाच आलं. त्याच मला म्हणाल्या, "गप. जेवलास का?"

मी विचारलं, "काकी, पोरीचं लिहू का? तात्यांनी मला सांगितलं हुतं."

तिकडं त्यांनी कुणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं.

"लिही," म्हणाल्या. "तिच्याबद्दल आमी दोघंच बोलायचो. आता म्या कुनासंगं बोलू?"

लिहिलं, काकी.

तात्यांना लेकरं तीन. मुलगे दोन, मुलगी एक.

तात्या, जावा सुखानं. माझा शेवटचा रामराम घ्या.