तिच्या नावाची पार्सलं

बत्तिशीकाका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं, म्हणून हे नाव पडलेलं. खिडकीशी त्यांचं टेबल, त्यावर प्लास्टरचे साचे, वितळत्या मेणाचा वास. चाकावर कवळी घासताना गुलाबी भुकटी उडायची, उन्हात तरंगत राहायची आणि काका तिच्याकडे बघत बसायचे. बायको गेल्यापासून जरा जास्तच.

ती जाऊन आठ दिवस झाले होते. दुपारी घराची बेल वाजली. कुरियरवाल्याने पार्सलवरचं तिचं नाव मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आहेत का घरात?"

काकांच्या तोंडून निघून गेलं, "आहे ना. आत आहे."

तिनेच कधीतरी मागवलेले निळे पडदे होते. काकांनी ते लावले नाहीत. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घर वेगळंच वाटलं. ती आत कुठेतरी हात पुसत उभी आहे, आत्ता येईल, असं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिच्या नावाने एक टेबललॅम्प मागवला. मग उशा, मग फुलदाणी. वस्तूशी त्यांना देणंघेणं नव्हतं. दारात कुणीतरी परक्या माणसाने तिचं नाव घ्यावं, एवढंच हवं होतं. खोकी न उघडता मागच्या खोलीत जायची. एका क्रेडिट कार्डाची मर्यादा संपली तेव्हा बँकेने आपणहून दुसरं पाठवलं. बिलावर 'किमान रक्कम' असा एक छोटासा आकडा असे. काका इमानेइतबारे तेवढाच भरत आणि निर्धास्त राहत. व्याज मात्र मागच्या दाराने वाढत होतं. दीड वर्षात देणं सात पगारांएवढं झालं.

सासरहून राहायला आलेली लेक एकदा चादर शोधायला म्हणून मागच्या खोलीत गेली आणि तिथेच थबकली.

"बाबा, ही कुणाची खोकी?"

"तुझ्या आईची."

तिने दोन-चार खोक्यांवरच्या तारखा पाहिल्या. काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी सगळं सांगून टाकलं. बेल कशी वाजते, नाव कसं घेतात, तेही सांगितलं. लेक एका खोक्यावर बसली आणि बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आईला हे कळलं असतं ना, तर तुमची बत्तिशी तुमच्याच हातात दिली असती."

काकांना दीड वर्षात पहिल्यांदा हसू फुटलं.

लेक पैसे देत होती, पण काकांनी घेतले नाहीत. "देणं मी केलंय, मीच फेडीन. तू फक्त सोबत चल." दोघं बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही कार्डं बंद करून सगळ्या रकमेचे कमी व्याजाचे हप्ते बांधून दिले. खोकी एकेक करून विकली गेली. मोल निम्मंही आलं नाही. काका रविवारीही लॅबमध्ये जाऊ लागले. मोडक्या कवळ्या सांधायच्या, त्याचे वेगळे पैसे मिळत. आणि दर बुधवारी लेक फोन करून आईचं काहीतरी सांगायची: ती शिट्टी कशी वाजवायची, रस्ता चुकली तरी कबूल कशी करायची नाही. फोन खाली ठेवला तरी तिचं नाव खोलीत रेंगाळत राही.

हप्ते फिटायला तीन वर्षं लागली. मध्ये एकदा काका आजारी पडले, दोन हप्ते चुकले, दंड बसला. तेव्हा मात्र ते हातपाय गाळून बसले होते.

कर्ज संपल्यावर महिन्याभरात फोन आला. एक गोड आवाज नवीन कार्ड घ्या म्हणत होता.

"नको बाई," काका म्हणाले, "आता चावेल तेवढाच घास घेतो."

त्या महिन्यात पगार पूर्ण हातात राहिला. काकांनी एक दिवस रजा टाकली आणि बसचं शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढलं. तिथे एक तळं होतं. काका काठावरच्या बाकावर बसले, बूट काढून पाय गवतात सोडले. पाण्यावर ढग सावकाश सरकत होते. ऊन डोळ्यांवर आलं, तसे त्यांनी डोळे मिटले. परतीची पहिली बस गेली, मग दुसरीही; काकांनी दोन्ही खुशाल जाऊ दिल्या.